आधी फेडर, मग बाकी सगळं

पडद्यावर १४ ट्रॅक आहेत. मुख्य आवाज, त्याचे दोन डबल (तेच पुन्हा गायलेलं), दोन गिटार, बेस, बाकी ड्रम्स. गाणं ज्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड झालं, तिथेच त्याचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्या ट्रॅकची एकमेकांशी जुळणी, होणार आहे. गायलेली आणि मिक्स करणारी एकच.

पण संगणकाला अजून हात लागलेला नाही. मैत्रीण भिंतीला टेकवून आरसा हळूहळू सरकवतेय. खुर्चीत बसलेलीला आरशात स्पीकर दिसला की ‘थांब’. तिथे खडूची खूण. स्पीकरचा आवाज नेमका याच जागी आपटून कानाकडे वळतो आणि थेट येणाऱ्या आवाजाच्या काही मिलिसेकंद मागून पोहोचतो. दोन्ही मिसळले की काही फ्रिक्वेन्सी फुगतात, काही पडतात. आता खुणेवर ग्लासवूलचं १०० मिलिमीटर जाड पॅनेल चढतंय. अंड्यांच्या ट्रेंनी हे काम होत नाही, ते फोटोत कितीही छान दिसोत.

बेसचं दुखणं याहून चिवट. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकतो. भिंतीपाशी तो घुमतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मधोमध असली की बेस कमी वाटतो, म्हणून वाढवला जातो, आणि तेच गाणं गाडीत लावलं की सगळं बेसखाली दबतं. म्हणून इथे खुर्ची पुढे सरकतेय.

आता फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी. सगळे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी सॉफ्टवेअर) बंद, आउटपुट मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र. स्टिरिओत दोन गिटार डावी-उजवीकडे पांगवल्या की भांडण मिटल्यासारखं वाटतं. मोनोमध्ये ते उघडं पडतं. प्रत्येक ट्रॅकची सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आहे; शून्य ही कमाल मर्यादा. २४ बिटमध्ये, म्हणजे हळू आवाजही स्वच्छ टिपला जाईल इतक्या बारकाव्याने, रेकॉर्ड केलेल्या आवाजाला मीटर लाल करायची गरजच नसते. बोट मुख्य आवाजाच्या फेडरवर आहे, नजर पडद्यावर नाही. अर्धं मिक्स इथेच होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लगइन विकणारे हे सांगणार नाहीत.

जवळून पाहा. ही एक ओळ. पहिले तीन शब्द जाड वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात), शेवटचा शब्द सुतासारखा बारीक, कारण गाताना तिने तोंड वळवलं होतं. तो तुकडा कापला, क्लिप गेन, म्हणजे त्या तुकड्यापुरती पातळी, ४ डेसिबल वर. पुढच्या ओळीत श्वास मोठा आलाय, तो थोडा खाली. पुसला नाही; श्वास काढून टाकलेलं गाणं गुदमरतं. हे हाताने झाल्यावरच कॉम्प्रेसर लागतो, रेशो ४:१. म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या वर आवाज ४ डेसिबल उसळला, तर बाहेर १ च येतो. कपात दाखवणारी सुई ३-४ डेसिबलपर्यंत झुकतेय, तेवढं पुरे.

(निवेदन थांबवा. ही ओळ आधीची आणि नंतरची, दोन्ही वाजू द्या.)

इक्वलायझरमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायच्या साधनात, मुख्य आवाजाचं ८० हर्ट्झखालचं काढलं. तिथे गाणं नसतं, पंख्याची घरघर आणि माइक स्टँडला बसलेले धक्के असतात. ‘स’ आणि ‘श’ टोचतायत, ते ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. डीएसर त्यांनाच धरतो. मुख्य आवाजाला जागा मिळावी म्हणून गिटारचा २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा खाली आला. सोलो केल्यावर, म्हणजे एकटी ऐकल्यावर, ती गिटार आता कृश वाटते. वाटू दे. सोलोच्या बटणावर बसून मिक्स करणाऱ्यांचा प्रत्येक ट्रॅक देखणा असतो आणि गाणं मात्र बसत नाही.

रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखी शेपूट) सेंडवर, म्हणजे वेगळ्या वाटेने मिसळलेला; प्री-डिले ३० मिलिसेकंद, म्हणजे शब्द आधी पोहोचतो आणि शेपूट मागून येते.

मॉनिटर स्पीकरच्या आवाजाची खुंटी खाली गेली. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की आवाजाची पातळी बदलली की कानाचा तोलही बदलतो. मोठ्या आवाजात बेस भरदार लागतो, हळू आवाजात तो आधी हरवतो. मोठ्याने लावलं की काहीही छान वाटतं, म्हणून ती बोलण्याच्या आवाजाइतक्या पातळीवर काम करतेय.

शेजारचा पांढऱ्या कोनचा स्पीकर यामाहाचा एनएस-१०. १९७८ मध्ये तो घरगुती वापरासाठी आला होता, आणि बसला मात्र जगभरच्या स्टुडिओंच्या डेस्कवर. बेस तोकडा, मधला पट्टा निष्ठुर. आवाज गिटारमागे लपला असेल तर इथे लगेच कळतं. कळलंच. दुसऱ्या कडव्यात मुख्य आवाज १ डेसिबल वर.

लिमिटर (आवाजाची टोकं रोखणारं साधन) दाबून गाणं मोठं करण्याचा मोह राहतोच. स्पॉटिफायवर ते नेहमीच्या सेटिंगला उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आसपास खाली आणलं जातं, चेपलेलं मात्र चेपलेलंच राहतं. लिमिटर काढला. २४ बिटची वेव्ह फाइल मास्टरिंगला, म्हणजे प्रसिद्धीआधीच्या शेवटच्या टप्प्याला, निघाली.