खाडीच्या वेळेप्रमाणे दोन दिवस

श्रोतेहो, नमस्कार. दोन दिवसांची सुट्टी मिळाली की आपण ठाणेकर माळशेज नाहीतर अलिबागची वाट धरतो. आज मी तुम्हाला आपल्याच खाडीकाठी चला म्हणणार आहे, आणि तेही कॅराव्हॅन घेऊन. बिछाने, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, सगळं पोटात घेऊन फिरणारी ही गाडी. राज्यानं २०२१ साली तिच्यासाठी पर्यटन धोरणही आणलं.

घराजवळच जायचं तर ही गाडी कशाला? कारण खाडी आपल्या घड्याळावर चालत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून तिची वेळ काढतात. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पाणी पहाटे चढणार असेल, तर पहाटेच काठावर असायला हवं. गाडीतच झोपलेल्या माणसाला ते सहज जमतं. आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला वाटेत पाठ टेकायला जागा मिळते, ही माझ्या मते त्याहून मोठी सोय.

ठाणं हे आधी बंदर, मग रेल्वेचं स्टेशन. शिलाहारांची इथं राजधानी होती. मार्को पोलोच्या वृत्तांतात इथल्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांनी १७३० साली किल्ला बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. आज तिथं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तट बाहेरूनच पाहायचा. पण तिथं जरा थांबाच. याच तटाआडून १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. याच तटाआड १९ एप्रिल १९१० रोजी, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं गेलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तिथं उभं राहूनच सांगा.

जुन्या ठाण्यात मात्र मोठी गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत. रिक्षानं तलावपाळी, कौपिनेश्वर, मग पूर्वेला चेंदणी कोळीवाडा करा. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्याच वर्षी ती खाडीवरच्या पुलावरून कल्याणला गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या लेखी खरी झेप तीच.

रात्री रस्त्याकडेला मुक्काम करू नका. घोडबंदर रस्ता रात्रभर अवजड ट्रकांचा असतो. एखाद्या रिसॉर्टवाल्याशी आधी बोलून आवारात जागा घ्या, वीज-पाणी मिळेल का ते विचारा. आणि कळकळीची विनंती, गाडीतलं सांडपाणी खाडीत सोडू नका. या पाण्यावर अजून मासेमारी चालते.

दुसऱ्या दिवशी ऐरोली. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी त्यात चरतात. पक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटीला मात्र पाणी लागतं, म्हणून ती भरतीच्या आसपास सुटते आणि तिची वेळ रोज बदलते. तेव्हा आधी भरतीचं गणित, मग बोटीचं आरक्षण, आणि गाडी सगळ्यात शेवटी ठरवा. वेळ उरला तर बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष बघून या. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळ्यांना पनवेल खाडीच्या तोंडावरची ती जागा हवी होती.

पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे इथं असतात. त्यातही थंडीचे महिने निवडा, मेच्या उन्हात गाडीचा पत्रा फार तापतो.