भाताला पाणी किती?

[पहाट. एसटी स्टँड. गाडीची डिकी उघडते.]

पहाटेचे साडेपाच. पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडवर परभणीकडची गाडी लागते. डिकीतून आधी गादीची वळकटी निघते, मग प्लॅस्टिकची बादली. बादलीत कुकर, आणि कुकरमध्ये जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. मुलगा एकोणीस वर्षांचा, घर सोडून पुण्यात राहायला आलेला. त्याच्या मागे आमचा कॅमेरा. आईनं आठवून आठवून सगळं भरून दिलंय. वापरायचं कसं, तेवढं सांगायचं राहून गेलं. त्यानंही विचारलं नाही.

[सदाशिव पेठ. वाडा पाडून उभी राहिलेली इमारत. तिसरा मजला. तीन कॉट, एक खिडकी.]

‘कॉट बेसिस’ हा शब्द पुण्याबाहेर समजावून सांगावा लागतो. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. इथे बाराही महिने एमपीएससीवाले, इंजिनिअरिंगवाले, सीएवाले येत राहतात. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, संध्याकाळी शास्त्री रोडवर चहा. मेसमध्ये पहिला शिकायचा शब्द म्हणजे खाडा. गावी जाणार असाल तर आधी सांगून खाडा धरायचा, म्हणजे तेवढ्या जेवणाचे पैसे वाचतात. किती दिवस आधी सांगायचं आणि महिन्यात किती खाडे चालतात, हे प्रत्येक मेसचं निराळं असतं. या मुलानं पहिल्या दिवाळीत पंधरा दिवसांचे पैसे फुकट घालवले. मेसवाल्या मावशी समोरच बसलेल्या असायच्या, विचारायला नुसतं तोंड उघडायचं होतं. पण बाकीच्यांना ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, हे चारचौघांत कसं दाखवायचं?

ही लाज महाग पडते. आमच्या चित्रीकरणात ती जागोजागी भेटली.

[एक कागद. त्यावर सह्या.]

खोलीचं बघा. मालक म्हणाले, अकरा महिन्यांचाच तर करार, नोंदणी कशाला? मुलानं मान डोलावली. वर्षाच्या आतल्या करारांना नोंदणीची सक्ती नाही, या देशभरच्या नियमातून ती अकरा महिन्यांची प्रथा पडली, हे खरं. पण महाराष्ट्रात गोष्ट वेगळी आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं 55 वं कलम सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. मालकानं नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हल्ली त्यासाठी कचेरीत खेटेही घालावे लागत नाहीत. एजंट मशीन घेऊन घरी येतो, दोघांचे अंगठे घेतो, काम झालं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या खोलीचं अर्धं डिपॉझिट रंगकामात गेलं होतं. भिंतीवरचा ओलीचा डाग माझ्या आधीपासूनचा होता. सिद्ध कसं करणार? आता मी भेटेल त्या पोराला सांगतो, सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, संडासाचं दार, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला पाठव.

[बादली. पाण्यात हीटरचा रॉड. छोटे बुडबुडे.]

मीटरवरूनच तिन्ही रूम पार्टनरांचं पहिलं भांडण झालं. कुणाच्या अंघोळीनं बिल वाढलं? हिशेब सोपा आहे. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटं चालला की अर्धं युनिट, म्हणजे साधारण एक बादली. तिघे मिळून रोज दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. कागदावर मांडल्यावर भांडण संपलं. पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायची सवय मात्र अजून गेली नव्हती. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्याला हात. यात घाई करू नये.

[रविवार, संध्याकाळ. मेसच्या दारावर पाटी: ‘आज संध्याकाळी बंद’.]

आणि आला रविवार. दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. कुकर बादलीतून बाहेर निघाला.

गॅस आधीच आणला होता. पाच किलोचा छोटा सिलिंडर रीतसर मिळतो. त्याला ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तरी पेठेत बऱ्याच खोल्यांत मोठ्या सिलिंडरमधून चोरून भरलेली टाकी दिसते, थोडी स्वस्त पडते म्हणून. ती घेऊ नका. रीतसर सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर बी-27 असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही. बी-27 म्हणजे एप्रिल ते जून 2027, तेव्हा त्याची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटली असेल तर दारातूनच परत. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि 1906 ला फोन लावायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचून राहतो.

मुलानं घरी फोन केला.

“आई, भाताला पाणी किती?”

“बोटाचं एक पेर बुडेल एवढं.”

“कुठल्या बोटाचं?”

पलीकडे आधी शांतता, मग हसू. मग कळलं, की वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी, तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त, नवा असेल तर कमी. त्यानं डब्यात तांदूळ घेतले, मोजून पाणी घातलं, डबा कुकरमध्ये ठेवला, झाकण लावलं. शिट्टी होईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग जळक्या रबराचा वास आला, आणि झाकणावरून फुस्स करून वाफ सुटली.

कुकरच्या तळाला पाणी घालायचं असतं, हे आईनं सांगितलं नव्हतं. डोळे उघडायचे असतात हे कुणी सांगतं का? तळ कोरडा तापला, गॅस्केट गेलं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला. तो वितळावा म्हणूनच बसवलेला असतो. दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत दुकानदारानं विचारलं, “कुठल्या कंपनीचा? किती लिटरचा?” मुलगा पुन्हा तिसऱ्या मजल्यावर.

[पावसाळा. खिडकीत वाळत घातलेले कपडे.]

सप्टेंबरात पोट बिघडलं. दोन दिवस त्यानं कुणाला सांगितलं नाही, घरी काळजी करतील म्हणून. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजलं आणि बरोबर घेऊन डॉक्टरकडे गेल्या.

[दार. उंबऱ्यावर काकू.]

त्यानंतर एका संध्याकाळी तोच त्यांच्या दारात उभा होता.

“काकू, चमचाभर विरजण मिळेल?”

“दही लावतोयस? दूध कोमट घे, बोटाला सोसेल एवढंच. आणि लागेस्तोवर हलवू नकोस.”

त्यांनी स्टीलच्या वाटीत विरजण दिलं. दार लावता लावता म्हणाल्या, “वाटी रिकामी आणून देऊ नकोस हं.”

सकाळी दही लागलं होतं, जरा आंबट. वाटी घासून झाली. आता तिच्यात घालायचं काय? खोलीत होते पोहे, लोणचं आणि मॅगीची दोन पाकिटं. आमचा कॅमेरा चालूच होता. तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला, मग खाली वाण्याकडे गेला आणि काउंटरवर वाटी ठेवून म्हणाला, “शेजारच्या काकूंची वाटी परत द्यायचीय. यात काय घालतात?”

वाण्यानं वर बघितलं आणि खडीसाखरेची बरणी पुढे ओढली.