अंगाला बसणारी रायफल, हाताला बसणारं पिस्तूल

[दृश्य: टेबलावर जाड नमदा. त्यावर एअर पिस्तूल, कानस, सँडपेपर, व्हर्निअर कॅलिपर, ॲलन कीचा संच. नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग.]

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्र्याची कड त्या ठिपक्याला नुसती लागली, की १०.० मिळतात. तिथून मध्याकडे दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण वाढत जातो आणि १०.९ ला संपतो. पात्रता फेरीत साठ शॉट असतात. साधनातल्या एखाद्या बारीक दोषामुळे शॉटमागे ०.१ जरी गेला, तरी शेवटी सहा गुण कमी होतात. राज्य स्पर्धेच्या यादीत सहा गुणांत बरेच खेळाडू मावतात.

नेमबाजीला नाशिक परकं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसळेची घडणीची वर्षं इथल्या क्रीडा प्रबोधिनीत गेली. मोनाली गोऱ्हे यांनी इथूनच पिस्तुलाचे नेमबाज घडवले. खेळाडूच्या मनाच्या तयारीवर काम केलेले भीष्मराज बामही नाशिकचेच. मनाबद्दल आणि सरावाबद्दल या शहरात पुष्कळ बोललं गेलंय. लाकडाबद्दल, स्क्रूबद्दल आणि छर्र्याबद्दल त्या मानानं कमी.

आधी कायद्याचं. आपल्याकडे बंदूक घरी बनवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळ्याचं हत्यार बनवायला, बदलायला, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. पॉइंट टू टूची (.२२ इंच बोअरची, काडतुसाची) रायफल किंवा पिस्तूल असेल, तर ते काम परवानाधारक कारागिराचं. साडेचार मिलिमीटर बोअर आणि वीस जूलपर्यंतच्या ऊर्जेची एअरगन परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. मॅचची एअर रायफल साडेसात जूलच्या आसपास असते आणि तिची ताकद वाढवण्यात काहीच हशील नाही. छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगानं जातो, त्या वेगाला तो सर्वांत स्थिर असतो. म्हणून घरी करायचं काम एकच: तयार साधन आपल्या अंगाला बसवणं.

[दृश्य: खेळाडू स्टँडिंग पोझिशनमध्ये, बाजूनं. मान आणि पाठीचा कणा स्पष्ट दिसतो.]

रायफलपासून सुरुवात करू. नवा खेळाडू हटकून एक चूक करतो. रायफल जिथे असेल तिथे डोकं नेतो. मान वाकते, डोळा भुवईखालून बघतो, आणि चाळिसाव्या शॉटनंतर मान भरून आली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, वर-खाली पसरायला लागतो. डोकं सरळ ठेवायचं आणि रायफल वर आणायची. त्यासाठी तीन जागा आहेत: पुढच्या हाताखालचा हँड रेस्ट, खांद्याची बटप्लेट आणि नेम धरायच्या साइटला उंच करणारे राइझर. बटप्लेट वर सरकवली की नळी खाली जाते, खाली सरकवली की वर. हे उलटं वाटतं, पण खांदा जागेवरच असतो, हलते ती रायफल.

चीकपीस, म्हणजे गाल टेकवायची पट्टी, सगळ्यांत शेवटी. डोळे मिटून गाल टेकवा, मानेला ताण न देता. आता डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकात पुढच्या साइटचं वर्तुळ बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. एका बाजूला काळी चंद्रकोर दिसली, तर चीकपीस त्या मानानं हलवा, डोकं नाही. मागची साइट डोळ्यापासून पाच ते सात सेंटिमीटरवर असावी. जास्त जवळ आणली की दर शॉटला डोळा दचकतो, लांब गेली की मधोमध धरणं अवघड होतं.

पुढच्या साइटची रिंग बारीक घेण्याचा मोह सोडा. बारीक रिंगमध्ये काळ्या वर्तुळाभोवती पांढरी जागा उरत नाही, मग डोळा घुटमळतो, शॉट लांबतो, हात थरथरतो. सुरुवात चार मिलिमीटरच्या पुढून करा. लहान मुलांना तर मोठीच द्या.

वजनाची मर्यादा साडेपाच किलो, सगळं जोडून. पुढे वजन लावलं की नळी शांत वाटते, म्हणून लोक लावत सुटतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या कमरेला ते वजन झेपतं का, हे कुणी पाहत नाही. वजनं बाहेरून मागवायची गरज नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडे पितळी रॉडमधून चकत्या कापून मिळतील. तीस मिलिमीटर व्यास, दहा मिलिमीटर जाडी, की एक चकती सुमारे साठ ग्रॅमची. भोक आणि आटे आपल्या रायफलच्या रॉडप्रमाणे सांगा, कडा मारून घ्या. एकावेळी एकच चकती लावायची आणि त्या जोडणीवर निदान आठवडाभर सराव करायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक बदल चांगलाच वाटतो.

[दृश्य: पिस्तुलाची ग्रिप, अगदी जवळून. लाकडावर पांढऱ्या पावडरचे ठसे.]

पिस्तुलाचा सगळा जीव ग्रिपमध्ये आहे. कंपनीची ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशी येते आणि आपल्या हाताला जवळपास बसते. हे जवळपास काढून टाकायचं.

पहिली चाचणी: रिकामं पिस्तूल हातात नीट बसवा, डोळे मिटा, हात सरळ उचला, मनगट घट्ट, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मध्ये आणि वरून समपातळीत हवी. दहा वेळा करा. दहापैकी दोनदा चुकली तर चूक हाताची. आठ वेळा एकाच दिशेला चुकली तर चूक ग्रिपची. महागड्या पिस्तुलांना ग्रिपचा कोन बदलायचे स्क्रू असतात, आधी ते वापरा. स्क्रू नसतील तर लाकडाला हात घालावा लागतो. पुढची साइट वर येत असेल, तर तळहाताच्या टाचेकडचा भाग किंचित घासला की नळी खाली येते. खाली जात असेल, तर त्याच जागी भर घालायची.

कुठे घासायचं हे अंदाजानं ठरवू नये. तळहाताला टाल्कम पावडर लावा, ग्रिप नेहमीसारखी धरा, सोडा. अक्रोडाच्या काळपट लाकडावर ठसा स्पष्ट उठतो. पावडर दाट लागली तिथे दाब जास्त, अजिबात लागली नाही तिथे पोकळी. दाब मधल्या आणि अनामिकेच्या बोटांनी सरळ मागे यायला हवा. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. अंगठ्याच्या जागी दाट ठसा दिसला, तर शॉटच्या क्षणी तो अंगठा नळी ढकलणार हे नक्की.

भरायला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्या, लाकडासाठीची असेल तर उत्तम. भरायच्या जागेवरचं पॉलिश आधी ऐंशी नंबरच्या सँडपेपरनं काढा, नाहीतर पुट्टी महिन्याभरात खपलीसारखी सुटते. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम देऊ नका. वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, पिस्तूल नेमक्या पकडीत धरा आणि पुट्टी आवळेपर्यंत तसंच उभं राहा. खुर्चीत बसून धरलं तर हाताचा कोन वेगळा येतो आणि ठसाही चुकीचा येतो. चोवीस तास सुकू द्या. मग ऐंशी, एकशेवीस, दोनशेचाळीस असे पेपर. वार्निश नको. घाम शोषला गेला पाहिजे.

ट्रिगरच्या बोटाची वाट मोकळी ठेवा. बोटाचं पहिलं पेर सोडून उरलेलं बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये, दोन-तीन मिलिमीटर फट हवी. लागत असेल तर ट्रिगर ओढताना बोट ग्रिपलाही ढकलतं आणि शॉट बाजूला जातो. खेळाडू महिनोन्‌महिने ट्रिगरला दोष देत बसतो.

अख्खी ग्रिप नव्यानं कोरायची असेल, तर शिसव चांगलं. जड आहे, पण धार धरतं आणि खरखरीत पोत टिकतो. पेठ-सुरगाण्याकडे सागाची जंगलं, त्यामुळे साग आपल्याला ओळखीचा आणि हलकाही. पण त्यात तेल असतं, पुट्टी किंवा गोंद लावण्याआधी थिनरनं पुसावं लागतं. लाकूड कुठलंही असो, पूर्ण वाळलेलं हवं आणि रेषा ग्रिपच्या लांबीतून जाणाऱ्या हव्यात. आडव्या रेषांची ग्रिप मानेपाशी तुटते. कोरताना नाकातोंडाला मास्क लावा, या दोन्ही लाकडांचा भुसा त्रास देतो.

नियमांची चौकट लक्षात ठेवून घासा. पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत. ग्रिपनं हाताला वेढा घालायचा नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, अंगठा वर सहज उचलता आला पाहिजे. तळाचा आधार वर वळलेला चालत नाही. पुट्टी भरताना हाच नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो, कारण वर वळलेला आधार हाताला फार सुखाचा वाटतो.

[दृश्य: उभ्या धरलेल्या पिस्तुलाच्या ट्रिगरला अडकवलेलं वजन टेबलावरून अलगद सुटतं.]

आता ट्रिगर. एअर पिस्तुलात किमान पाचशे ग्रॅम. हे वजन नळी उभी धरून ट्रिगरच्या मधोमध अडकवायचं आणि टेबलावरून उचलायचं, ट्रिगर सुटता कामा नये. घरी तपासताना पिस्तूल रिकामं, पण कॉक केलेलं. आपण पाचशे पंधरा ते वीसवर लावा. पाचशेवर काटेकोर बसवलेला ट्रिगर शेवटच्या शॉटनंतरच्या तपासणीत चारशे पंचाण्णववर सुटला, तर सगळी मॅच बाद होते. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो. वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर टाका, चारशेच्या आसपास. उरलेला दुसऱ्यावर. रायफलला किमान मर्यादा नाही, पण नव्या खेळाडूला ऐंशी ते शंभर ग्रॅम ठीक. त्याखाली बोट टेकवतानाच शॉट जातो.

आतलं सिअर (शॉट अडवून धरणारा खटका) घासून ट्रिगर गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका. त्या पृष्ठभागाचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो गेला की पकड कमी होते आणि पिस्तूल नुसतं ठेवताना सुटू शकतं. बाहेरच्या स्क्रूंनी जेवढं होतं तेवढंच करायचं.

हवेचा सिलिंडर दोनशे बारचा. सावकाश भरा, घाईनं भरला की तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. साधं तेल कधीच नाही, दाबाखालच्या हवेत ते पेटू शकतं. पावसाळ्यात हातपंप टाळलेला बरा: जुलै-ऑगस्टच्या नाशिकच्या हवेतली ओल थेट रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, जाते. तेव्हा कोरडी हवा देणाऱ्या मोठ्या सिलिंडरवरून भरावं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत सिलिंडर ठेवू नका. त्यावर कोरलेली तारीखही पाहा, दहा वर्षांवरचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. छर्र्याचा वेग क्रोनोग्राफवर मोजा. दहा शॉटमधला फरक सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला, तर रेग्युलेटर उघडायला अधिकृत दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

पावसाळ्यात लाकडी स्टॉकही फुगतो आणि मुख्य स्क्रूंचा ताण बदलतो. साइटला हात न लावता शून्य (नेम आणि शॉट जुळवलेली जागा) सरकलं, तर पहिला संशय त्या स्क्रूंवर घ्यावा. कंपनीनं दिलेल्या ताणावर टॉर्क रेंचनं आवळा आणि डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवा, फिरला तर दिसेल.

[दृश्य: व्हाइसमध्ये धरलेली रायफल. कागदावर दहा शॉटचं एकच भोक.]

राहिला छर्रा. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. शेजाऱ्याच्या रायफलला जो चालतो तो आपल्या नळीला चालेलच असं नाही. एकाच कंपनीच्या एकाच आकाराच्या दोन लॉटमध्येही, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांमध्येही, फरक पडतो. व्हाइसच्या जबड्यांना रबर लावून रायफल पक्की करा. नळीला धरू नका. लॉट बदलला की पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. पाच शॉटचा सुंदर ग्रुप नशिबानंही येतो. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत कॅलिपरनं मोजा, त्यातून साडेचार वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. तिन्ही ग्रुपमधला सर्वांत वाईट आकडा धरा, चांगला नाही.

घरात पूर्ण दहा मीटर मिळाले, तर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, त्यावर पंधराशे लक्सचा उजेड, मागे तिरपी पोलादी पट्टी बसवलेला बंद पेटारा. शॉट चालू असताना त्या खोलीला दुसरं दार नको. शिशाची धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. फ्लॅटमध्ये जागा नसेल, तर पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर ओढा. ट्रिगर आणि ग्रिपची पारख तिथे जास्त चांगली होते, कारण पुढच्या साइटची उडी भिंतीवर लपत नाही.

प्रत्येक स्केलवरचा आकडा वहीत लिहा: बटप्लेट, चीकपीस, हँड रेस्ट, ट्रिगरचे दोन्ही टप्पे, साइटचे क्लिक. बसमधून पुण्याच्या बालेवाडीला स्पर्धेला जाताना पेटीत एखादा स्क्रू हलतोच. आणि लॉट जमला की त्याच लॉटचे डबे हंगाम पुरेल इतके एकदम घ्या, दुकानदाराला डब्यावरचा नंबर वाचून दाखवा. पुढच्या महिन्यात तो लॉट मिळत नाही.