जेवणानंतरची साखर आणि मधुमेहाचं निदान

फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) १०४, पीपी (जेवणानंतर दोन तासांची) १८६, दोन्ही मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये. असा रिपोर्ट हातात आला की घरात वाद सुरू होतो. कुणी म्हणतं डायबेटिस झालाच, कुणी म्हणतं आदल्या रात्री श्रीखंड झालं होतं म्हणून. खरं तर एवढ्यावरून दोन्ही ठरवता येत नाही. काय खाल्लं, किती खाल्लं आणि रक्त नेमकं कधी काढलं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं.

म्हणून पीपी बघूच नये, असं मात्र नाही. निरोगी माणसात जेवण सुरू झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत स्वादुपिंड इन्सुलिनचा पहिला मोठा हप्ता सोडतं आणि यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडणं आवरतं घेतं. टाईप २ मधुमेहाकडे वाटचाल सुरू झाली की अनेकांत आधी हाच हप्ता कमी पडतो. रात्रभराच्या उपासाला उरलेलं इन्सुलिन पुरतं, पण जेवणाचा भार त्याला पेलत नाही. उपाशीपोटीची साखर ठीक आणि नंतरची चढलेली, हे चित्र आपल्याकडच्या लोकांत वरचेवर दिसतं. फक्त फास्टिंगवर विसंबलं तर हे रुग्ण निसटतात.

अडचण जेवणाची आहे. वरणभात आणि पिठलं-भाकरी साखरेला एकाच गतीने चढवत नाहीत. तेलतूप जास्त असेल तर जठर उशिरा रिकामं होतं आणि साखरेचा शिखरबिंदू पुढे सरकतो. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी अर्धी पोळी खाणारेही पुष्कळ. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. पीपी १४० च्या वर गेली तर तो इशारा समजा आणि निदानासाठी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करा.

या टेस्टच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, भात-पोळी तोडू नका. रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. भूक मारून आलेल्या शरीरात साखर खोटीच जास्त दिसते. रक्त देण्याआधी ८ ते १४ तास फक्त पाणी. पहिलं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि पहिल्या घोटाला घड्याळ लावायचं. हे ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोजचे आहेत. पावडर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश धरलेली, असेल तर ८२.५ ग्रॅम लागते, आणि ही चूक सर्रास होते. दोन तास बसून राहायचं. बाजारात चक्कर नको, विडी-सिगारेट नको, चहा नको.

रक्त फ्लोराइडच्या, राखाडी झाकणाच्या नळीतच हवं. साध्या नळीत पेशी ग्लुकोज खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते. फ्लोराइडलाही पूर्ण पकड घ्यायला तास-दीड तास लागतो, म्हणून नमुना लवकर सेंट्रिफ्यूज झालेला, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केलेला बरा. मधुमेहाचं निदान घरच्या ग्लुकोमीटरवर करू नये. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, त्यात आंबा कापलेला हात न धुता टोचला तर आकडा आणखी फुगतो.

दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. अति तहान, वारंवार लघवी, वजन घटणं असं काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारू नका. फास्टिंग १२६ किंवा जास्त, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त, किंवा पुन्हा केलेली हीच चाचणी, यांपैकी एकीचा दुजोरा घ्या. विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असलेल्यांत एचबीए१सी फसवते. तिथे थेट ग्लुकोजच मोजावं. ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना केलेली चाचणी नंतर पुन्हा करावी लागते.

गरोदरपणाचा नियम वेगळा आहे. आपल्या सरकारी पद्धतीत जेवलेल्या-न जेवलेल्या बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्याच भेटीत करायची, तेव्हा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ग्लुकोज घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी नव्याने करावी, त्यानंतर झाली तर चालू ठेवावी.