वाई : घाटाच्या पायऱ्या आणि आळीतले वाडे

(दृश्य : पहाट. कृष्णेचं पात्र, गणपती घाट.)

उजाडायच्या आत इथं यावं. पायऱ्या ओल्या असतात, देवळातली घंटा अधूनमधून वाजते, आणि कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळीनं अर्घ्य देत असतं. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं हे वाई. लोक याला दक्षिणकाशी म्हणतात.

ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं, ते अगदी नदीत पाय टाकून. त्याची मागची भिंत सपाट नाही. होडीच्या नाळेसारखी ती टोकाला निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर फुटतो आणि दोन्ही अंगांनी वाहून जातो. अडीचशेच्या वर पावसाळे या भिंतीनं असे अंगावर घेतले आहेत. मला वाईतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

(दृश्य : मधली आळी. कॅमेरा सावकाश पुढे.)

घाटावरून वर आलं की आळ्या लागतात. पेशवीण गोपिकाबाई या रास्त्यांच्याच लेक. त्या काळात गावात देवळं उठली, घाट बांधले गेले, आणि आळ्यांमधून वाडे उभे राहिले. दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरायचं, देवडी ओलांडायची, की समोर उघडा चौक. चौकात तुळस, भोवती ओसरी, आत माजघर. दुपारच्या उन्हातसुद्धा माजघरात गारवा असतो.

(दृश्य : भिंतीचा क्लोज-अप. पोपडे सुटलेला गिलावा.)

आता ही भिंत नीट बघा. खाली घडीव दगडाचं जोतं, वर लाकडी खांब आणि तुळयांची चौकट, मधे माती नि विटांचा भराव, बाहेरून चुन्याचा गिलावा. अशी भिंत ओल घेते आणि उन्हं पडली की सोडतेही. तिच्यावर आपण मोठ्या मायेनं सिमेंट थापतो. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. पाणी आतल्या आत मुरतं, खांबाचा बुंधा कुजतो, वाळवी लागते, आणि एका पावसाळ्यात भिंत पोट काढते. मग दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागते. कितीतरी वाडे म्हातारपणानं नव्हे, या चुकीच्या औषधानं गेले.

चुना भिजवून मुरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा, त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालायचं, ही जुनी रीत. तिला दिवस लागतात, आणि ज्याच्या हाताला चुन्याची सवय आहे असा गवंडी लागतो. असे हात आता शोधावे लागतात.

(दृश्य : अर्धा पाडलेला वाडा. शेजारी नवी चार मजली इमारत.)

पण सगळा दोष सिमेंटवर ढकलून चालणार नाही. वाड्याच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावं असतात. कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, कुणी परदेशात. कौलं चाळायची तर पैसे कुणी घालायचे? पाडून फ्लॅट बांधले तर मात्र प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडतं. अशा वेळी वाडा विकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

मुंबईत १९९५ पासून जुन्या, मोलाच्या इमारती जपण्यासाठी वारसा नियमावली आहे. यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय तिथं झाली. छोट्या गावात तो हक्क घ्यायला गिऱ्हाईक कुठून आणायचं? म्हणून यादीत नाव आलं की मालकाला सन्मान वाटण्याऐवजी धास्ती वाटते. इथं वेगळी मदत हवी. घरपट्टीत सूट, दुरुस्तीला हातभार, आणि चुन्याचं काम शिकणाऱ्या पोरांना रोजगार. रस्ता रुंद करताना आळीची रुंदी पाहावी. दोन्हीकडच्या ओसऱ्यांवरून गप्पा होतील एवढीच ती मुद्दाम ठेवलेली आहे.

गावात काय टिकलंय, तेही पाहू. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथूनच उभं केलं, महानगरात नव्हे. आणि घाट टिकले, कारण ते रोज वापरात राहिले.

(दृश्य : कृष्णाबाईचा उत्सव. घाटावर मांडव, दिव्यांच्या माळा.)

अफझलखान चालून आला तेव्हा स्वराज्यावरचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, अशी या उत्सवाची आख्यायिका सांगतात. थंडी ओसरायला लागली की कृष्णाबाई घाटावर येऊन बसते. भीमकुंड, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपला मांडव, आपली पंगत. त्या दिवसांत बाहेरगावी गेलेली माणसं परततात, बंद वाड्यांची कुलपं निघतात, चौकात सडा पडतो.

मग एका आळीचा उत्सव आटोपतो. बायका ओटी भरतात, पोरं घाटाच्या पायऱ्या धुऊन काढतात, आणि पुढच्या घाटावर मांडवाचे खांब रोवायला सुरुवात होते.