२२ कॅरेट म्हणजे ९१६ का? इतवारीतला अपूर्णांकांचा हिशोब

[दृश्य: शहीद चौकाकडून सराफा बाजारात शिरणारा रस्ता. दुकानांची शटर्स वर जाताहेत.]

नागपूरची इतवारी. लग्नसराईत या सराफा बाजारातून चालायला वाट मिळत नाही. काउंटरवर बसलेल्या मावशी बांगडी हातात घेतात आणि विचारतात, "भाऊ, बावीसचंच आहे नं हे?" भाऊ भिंग पुढे करतात.

[दृश्य: भिंगाखाली बांगडीची आतली बाजू.]

बारीक कोरलेल्या हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याच्या खुणा दिसतात. भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, आणि शुद्धतेच्या दोन संख्या: २२ आणि ९१६.

या दोन संख्या म्हणजे दोन अपूर्णांकांचे अंश आहेत. छेद कोरलेले नाहीत, ते आपण मनात धरायचे. कॅरेटचा छेद २४. शेजारच्या संख्येचा छेद १०००. म्हणजे एकच बांगडी दोन भाषांत बोलते आहे: चोवीस भागांपैकी बावीस भाग सोनं, आणि हजार भागांपैकी नऊशे सोळा भाग सोनं. दोन्ही विधानं सारखीच आहेत का? पाचवीतल्या मुलांना वहीत जे विचारतात, सममूल्य अपूर्णांक आहेत की नाहीत, तोच हा प्रश्न. फक्त इथे त्याला तोळ्याचा भाव जोडलेला आहे.

आधी सोपा दागिना घेऊ. १८ कॅरेट, शिक्का ७५०.

[दृश्य: पाटीवर खडूने १८/२४ आणि ७५०/१०००.]

इथे पुष्कळ मुलं एक चुकीची वाट धरतात. १८ आणि २४ मध्ये फरक ६ चा, मग १००० मधूनही ६ वजा करा, उत्तर ९९४. वरवर हे पटतं. पण चोवीस भागांत सहा भाग तांबं-चांदी असणं आणि हजार भागांत फक्त सहा भाग असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपूर्णांक वजाबाकीने तोलता येत नाहीत. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणलं किंवा भागलं, तरच किंमत कायम राहते.

म्हणून भागून पाहू. १८ आणि २४, दोघांनाही ६ ने भाग जातो: तीन चतुर्थांश. ७५० आणि १०००, दोघांनाही २५० ने: पुन्हा तीन चतुर्थांश. आपल्या आजीच्या तोंडचा "पाऊण". १८ कॅरेट आणि ७५० तंतोतंत सारखे.

दुसरी रीत तिरकस गुणाकाराची. १८ गुणिले १०००, अठरा हजार. २४ गुणिले ७५०, तेही अठरा हजार. गुणाकार सारखे, म्हणून अपूर्णांक सममूल्य. ही रीत शाळेत सगळ्यांना येते. ती का चालते हे मात्र फार थोड्यांना सांगितलं जातं, आणि याची खंत वाटते, कारण ते समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एका अपूर्णांकाचे तुकडे चोवीस, दुसऱ्याचे हजार. तुकड्यांचा आकारच वेगळा असताना त्यांची संख्या ताडून काय उपयोग? म्हणून दोघांनाही एकाच छेदावर आणायचं: २४ गुणिले १०००, म्हणजे २४,०००. पहिल्याचा अंश होतो १८ × १०००. दुसऱ्याचा होतो ७५० × २४. आपण तिरकस रेघ मारून गुणतो ते हेच दोन अंश. छेद दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो लिहीत नाही, एवढंच.

आता मावशींची बांगडी.

[दृश्य: पाटीवर २२/२४ आणि ९१६/१०००.]

२२ गुणिले १०००, बावीस हजार. २४ गुणिले ९१६, एकवीस हजार नऊशे चौऱ्याऐंशी.

जुळले नाहीत. सोळाचा फरक पडला. २२/२४ आणि ९१६/१००० सममूल्य नाहीत.

यात फसवणूक कुठेही नाही. बावीसला चोवीसने भागलं की ०.९१६६६… असं येतं, सहा संपतच नाहीत. शिक्क्यावर तीनच आकडे बसतात आणि मानकाने ९१६ ठरवून दिलं आहे. दहा ग्रॅमच्या बांगडीत हा फरक साधारण ७ मिलिग्रॅमचा. पण जवळ असणं आणि समान असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गणितात 'बरोबर'चं चिन्ह फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी राखलेलं आहे.

बाकीचे शिक्के पाहू. २० कॅरेट, ८३३: वीस हजार आणि १९,९९२. २३ कॅरेट, ९५८: तेवीस हजार आणि २२,९९२. १४ कॅरेट, ५८५: इथे उलटं, चौदा हजार आणि १४,०४०, शिक्काच थोडा वरचढ. २४ कॅरेटसमोर ९९५ येतं, कारण व्यवहारात शंभर टक्के शुद्ध सोनं मिळत नाही. तो प्रश्न अपूर्णांकांचा नाहीच.

मग १८ च तेवढं कसं जुळलं?

[दृश्य: जुनी नाणी. चार आणे, आठ आणे, नवे पैसे.]

उत्तराआधी थोडं मागे जाऊ. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे आणे सोळा होते. त्या दिवसापासून नवे पैसे शंभर. चार आण्यांचे पंचवीस पैसे: ४ × १०० आणि १६ × २५, दोन्ही चारशे. चोख. पण तीन आण्यांचे एकोणीस पैसे ठरले: तीनशे आणि तीनशे चार. दोन आण्यांचे बारा: दोनशे आणि एकशे ब्याण्णव. रुपयाच्या आत फक्त चार, आठ आणि बारा आणेच नेमके जुळले. सोळामध्ये दोनाचे चार अवयव आहेत, शंभरात दोनच. उरलेले दोन अंशाने पुरवले, म्हणजे अंश चाराच्या पटीत असला, तरच हिशोब पुरा होतो.

सोन्यात हेच काम तीन करतो. चोवीसमध्ये तीनाचा एक अवयव आहे. हजार बनलेत फक्त दोन आणि पाचांपासून, त्यात तीन नाहीच. अंशाला तीनने भाग गेला तर छेदातला तीन कटतो आणि हजारात नेमकं उत्तर येतं. नाहीतर तो तीन खालीच अडून बसतो. २२, २०, २३, १४ यांपैकी एकालाही तीनने भाग जात नाही. १८ ला जातो.

२०२५ मध्ये ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला. त्याचा शिक्का ३७५. नऊला तीनने भाग जातो, तेव्हा जुळणार हे पाटी हातात घेण्याआधीच सांगता येतं. तरी गुणून पाहा.

[दृश्य: पाटीवर ९/२४ आणि ३७५/१०००.]

९ गुणिले १०००, नऊ हजार. २४ गुणिले ३७५, नऊ हजार.