मरवासच्या बोलावर

[दृश्य: लाकडी घरासमोरचं अंगण. पुरुषांच्या दोन ओळी. डोक्यावर काळ्या टोप्या, कमरेला जरीचं वस्त्र.]

निवेदन:

अजून कोणीही पाऊल उचललेलं नाही. वाजतोय तो एकटा गम्बुस. फणसाच्या लाकडातून कोरून काढलेला, पोटावर कातडं ताणलेला, येमेनहून समुद्रमार्गे आलेल्या तंतुवाद्याचा मलय वंशज. वादक तालात शिरलेला नाही. तो सूर चाचपतो, वळतो, पुन्हा मूळ जागी येतो. या सुरुवातीला म्हणतात तक्सिम. नर्तक पुढे येतात, अदबीने वंदन करतात आणि थांबतात. तक्सिम किती वेळ चालेल हे त्यांना ठाऊक नसतं. ते वादकाच्या हाती.

मग मरवास सुरू होतात. एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायचे छोटे दुतोंडी ढोल. वादक तीन-चार, प्रत्येकाचा ठोका निराळा, एकाचा ठोका दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत बसणारा. आता पावलं हलतात.

हे झापिन, मलय लोकांचं नृत्य. मलेशियाचं दक्षिण टोक म्हणजे जोहोर राज्य, शेजारचं सिंगापूर, आणि खाडीपलीकडे इंडोनेशियातली रिआउची किनारपट्टी आणि बेटं, हा त्याचा मुलूख.

[दृश्य: नकाशा. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत जाणारी रेघ.]

निवेदन:

येमेनमधल्या हद्रमौत भागातले अरब व्यापारी आणि धर्मोपदेशक या किनाऱ्यांवर आले, इथे घरं केली, इथल्याच कुटुंबांत लग्नं केली. त्यांच्यासोबत त्यांचं नाचणंही आलं. जोहोरमधली अरब वंशाची मंडळी आजही आपलं जुनं झापिन लग्नकार्यात नाचतात, त्याला झापिन अरब म्हणतात. मलय गावांनी ते घेतलं आणि आपल्या अंगाने वळवलं. उड्यांचा जोर कमी झाला, गुडघे मऊ झाले, खांदे स्थिर झाले, सगळं काम पावलांकडे आलं. नाचायचे फक्त पुरुष. प्रसंग लग्नाचा किंवा पैगंबर जयंतीचा.

पावलांची नावं ऐकलीत तर गावाचा परिसर डोळ्यांपुढे येतो. 'तिती बातांग' म्हणजे ओंडक्याच्या साकवावरून चालल्यासारखं. 'सिकू कलुआंग' म्हणजे वटवाघळाच्या पंखाच्या कोपरासारखं वाकडंतिकडं जाणं. 'लोन्चात तिओंग' ही मैनेची उडी. आणि 'अलिफ', अरबी लिपीतल्या पहिल्या अक्षरासारखं सरळ रेघेत पुढे आणि मागे. प्रत्येक गावाने आपला ढंग जपला. जोहोरमधल्या मर्सिंगच्या किनाऱ्यावरचं झापिन तंग्लू घ्या. ते कोळ्यांचं. हलत्या होडीत तोल सावरणारं शरीर त्यात दिसतं असं तिथले लोक सांगतात. पारित मस्तर, मुआरकडचं लंगा, ही झापिनची नावं मुळात गावांचीच नावं आहेत.

[दृश्य: मरवास वादकांचे हात, जवळून. ठोका अचानक चढतो.]

निवेदन:

आता नीट ऐका. गाण्याचं कडवं चालू असेपर्यंत मरवास दबून वाजत होते. कडवं संपलं आणि ते एकदम उसळले. याला म्हणतात कोपाक. कोपाक आला की नर्तकाने बसक घ्यायची, उडी घ्यायची, गिरकी घ्यायची, आणि आवाज खाली आला की पुन्हा पहिल्या चालीवर यायचं. आपल्याकडे फडात ढोलकीवाल्याने तोडा घेतला की नाचणारीची पावलं त्याला उत्तर देतात, तसंच हे नातं. नाच आणि वादन इथे एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालतात. अखेरीस तोच चढता ठोका पुन्हा येतो आणि नाच बंद होतो.

झापिनमध्ये आजवर काय काय बदललं हे बघताना ही एक जागा आम्ही सोडणार नाही. कारण बदललं ते खूप, आणि त्यातलं बरंचसं चांगल्यासाठी बदललं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. रंगवलेले पडदे, पेटी, मुकुट घातलेले नट.]

निवेदन:

पहिला मोठा बदल मुंबईतून निघाला.

ग्रँट रोडच्या नाटकगृहांत गाजलेलं पारशी रंगभूमीचं नाटक १८७०च्या दशकात बोटीने मलय द्वीपकल्पाजवळच्या पेनांग बेटावर पोहोचलं. रंगवलेले पडदे, यांत्रिक करामती, गाणी, भरजरी पोशाख. पेनांगच्या लोकांना त्याने झपाटून टाकलं. तिथल्या लोकांनी आधी त्याची नक्कल केली, मग ते मलय भाषेत आणलं. १८८५च्या सुमारास मामाक पुशी या गृहस्थांनी आपली मंडळी उभी केली आणि बांग्सावान हा मलय नाट्यप्रकार जन्माला आला. इकडे पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचा प्रयोग पाहिला आणि त्यातून स्फूर्ती घेतली, असं आपल्या रंगभूमीच्या इतिहासात सांगतात. १८८० साली संगीत शाकुंतल आलं. म्हणजे आपलं संगीत नाटक आणि मलय बांग्सावान ही पाच वर्षांच्या अंतराने जन्मलेली भावंडं, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. माहीत असायला हवं.

बांग्सावानमध्ये पडदे बदलायला वेळ लागायचा. प्रेक्षक चुळबुळू नयेत म्हणून पुढच्या पडद्यासमोर गाणी आणि नाच व्हायचे. झापिन गावातून रंगमंचावर चढलं ते या मोकळ्या वेळात. इथे गम्बुसच्या जोडीला व्हायोलिन आलं, हार्मोनियम आलं, अ‍ॅकॉर्डियन आलं. नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करू लागले. आणि बायका झापिन नाचू लागल्या.

पुढे १९४७पासून सिंगापूरच्या जालान आंपास रस्त्यावरच्या शॉ बंधूंच्या स्टुडिओत मलय चित्रपट बनू लागले. नटमंडळी बांग्सावानमधली, दिग्दर्शक कितीतरी भारतातले. पडद्यावरचं झापिन म्हणजे स्त्री-पुरुषांच्या जोड्यांचं, हसतं, प्रेमगीताचं झापिन. ज्या गावांत ते फक्त पुरुष नाचत, तिथल्या मुलींनी ते सिनेमात पाहिलं. सिनेमाने झापिन बिघडवलं असं म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. अर्ध्या गावाला ज्या नाचात जागा नव्हती, त्यात ती मिळाली. ही मिळकत आहे.

[दृश्य: शाळेचं मैदान. एकाच रंगाच्या पोशाखात शेकडो मुलं, एकाच वेळी एकच पाऊल.]

निवेदन:

दुसरा बदल सरकारी. १९७१ साली क्वालालंपूरला मलाया विद्यापीठात राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली. देशाच्या संस्कृतीचा पाया इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा असावा, त्यात इस्लामला महत्त्वाचं स्थान असावं, इतर समाजांचं योग्य ते घ्यावं, असं तिथे ठरलं. झापिन या चौकटीत अलगद बसलं. मलयही होतं आणि मुस्लिमही. मग ते शाळांत गेलं, सरकारी समारंभांत गेलं, पाहुण्यांच्या स्वागताला गेलं.

प्रसार झाला, आणि मोठा झाला. पण मैदानावर शेकडो मुलांना एकत्र नाचवायचं तर पाऊल एकच हवं आणि वेळ ठरलेली हवी. तिथे ध्वनिमुद्रित गाणं आलं. आमच्या मते झापिनचं खरं नुकसान इथे झालं. दिव्यांनी झालं नाही, पोशाखाच्या चकाकीने झालं नाही. टेपवरचं तक्सिम दर वेळी तेवढंच लांब असतं. कोपाक नेमक्या सेकंदाला येतो. नर्तकाला ऐकायची गरज उरत नाही, मोजलं की भागतं. ऐकणारं शरीर आणि मोजणारं शरीर यांतला फरक प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

[दृश्य: मंद उजेडात एक स्त्री जमिनीवर बसलेली, समोर रबाब, गजाने वाजवायचं तंतुवाद्य.]

निवेदन:

सगळ्याच मलय नृत्यांना असा राजाश्रय मिळाला नाही, हेही सांगायला हवं. ईशान्येच्या कलांतान राज्यातलं माक योंग घ्या. नाच, गाणं, अभिनय आणि विनोद यांचं हे प्राचीन नाट्य. राजाची भूमिका बाईच करते. सुरुवातीला कलाकार रबाबकडे तोंड करून बसतात आणि बसल्याबसल्या नाचतात, हात आणि धड इतकं संथ वळवत की बघणाऱ्याचा श्वास आपोआप मंदावतो. कलांतानच्या राज्य सरकारने १९९१ साली त्यावर बंदी घातली. त्यातले विधी आणि बायकांचं रंगमंचावर येणं धर्माला मान्य नाही, असं कारण होतं. २००५ साली युनेस्कोने याच माक योंगला मानवतेच्या वारशाचा मान दिला, तरी घरच्या मुलखात बंदी कायम. ती २०१९ मध्ये उठली, तीही अटींवर. खातिजा अवांग या माक योंगच्या थोर कलावतीला देशाने राष्ट्रीय कलाकार हा किताब दिला. २००० साली त्या गेल्या. बंदी उठलेली त्यांना पाहता आली नाही.

[दृश्य: तालीमघर. आरसे, अनवाणी पावलं, कोपऱ्यात वादक.]

निवेदन:

आज नवं काम करणारी माणसं मुख्यतः तीन ठिकाणी दिसतात. सिंगापुरात सोम सईद. १९५५ साली स्थापन झालेल्या श्रीवाना या संस्थेत त्या घडल्या, १९८७ साली त्यांना कल्चरल मेडॅलियन हा तिथला मोठा सन्मान मिळाला, आणि १९९७ साली त्यांनी श्री वारिसान ही आपली संस्था काढली. इंडोनेशियात टॉम इब्नूर हे नृत्यदिग्दर्शक झापिनच्या शोधात गावोगाव फिरले आणि त्या पावलांतून आपल्या नव्या रचना उभ्या केल्या. आणि क्वालालंपूरला अस्वारा, म्हणजे १९९४ साली सुरू झालेली राष्ट्रीय कला अकादमी. तिथला विद्यार्थी मलय नृत्यं शिकतो, भरतनाट्यम शिकतो, चिनी नृत्य, बॅले आणि आधुनिक नृत्यही शिकतो. पदवी नसलेले जुने जाणते गुरू तिथे वर्गावर येतात.

अशा तालमीतून आलेला नर्तक 'सिकू कलुआंग'ची वाकडी वाट मोडतो, जमिनीवर लोळतो, एकच पाऊल मिनिटभर ताणतो. जुन्या माणसांना कधी ते झापिन वाटत नाही. पण कोपऱ्यात मरवासवाले बसलेले असतील, आणि त्यांनी ठोका चढवल्यावर त्या नर्तकाची पाठ ताठ होत असेल, तर आमच्या लेखी ते मैदानावरच्या अचूक कवायतीपेक्षा कितीतरी अधिक पारंपरिक आहे.

अडचण पैशाची आहे. सहा-सात वादकांचं मानधन, प्रवास, राहण्याची सोय, आणि दुसऱ्या पारड्यात खिशात मावणारा पेन ड्राइव्ह. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी नियमात एक ओळ घालावी, की वादन प्रत्यक्षच हवं. अनुदान देणाऱ्यांनी वादकांचा खर्च वेगळा धरावा. आणि शाळेत झापिन शिकवताना मुलांच्या हातात आधी मरवास द्यावा. पावलं महिन्याभराने शिकवली तरी चालतील.